चार पाऊण तीन

ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सकाळच्या वेळी एक मावशी निवट्या घेऊन बसते. ॲल्युमिनियमचं घमेलं, त्यावर ओलं फडकं आणि फडक्याखाली सतत चाललेली वळवळ. निवटी हा चिखलातला मासा. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडला की पुढच्या दोन परांवर रेटा देत तो चिखलावरून चालतो, मध्येच उडी मारतो आणि माणसाची चाहूल लागली की बिळात गडप होतो. त्याला धरायचं तर गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. आणि उतरायचं तर पाणी कधी जाणार, कधी परतणार हे पक्कं ठाऊक असावं लागतं. मावशीच्या हातात घड्याळ नाही. मोबाइल आहे, पण तो चिखलात कोण नेणार?

"मग वेळ कशी कळते तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

वाटा माझ्या डब्यात ओतता ओतता ती म्हणाली, "चवथीला तीन, आठमीला सहा, बारशीला नऊ. सासरा सांगायचा. मधलं आपन काढायचं."

मी पैसे दिले आणि निघाले. खारकर आळीच्या तोंडाशी आले तेव्हा कानात आजीचा आवाज आला. दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायची ती. आमच्या शाळेत पाढे तीसपर्यंत होते, पण आजीकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असा वेगळाच साठा होता. आम्हा भावंडांना त्याचा कंटाळा यायचा, आणि तरी तो डोक्यात कुठेतरी चिकटून राहिला होता. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन.

चवथीला तीन.

मी रस्त्यातच थांबले. आठ पाऊण सहा. बारा पाऊण नऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ! पक्ष कोणताही असो, चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार आणि पहाटे तीनलाही. अमावास्येला नि पौर्णिमेला बाराच्या आसपास. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागून चालते आणि तिथी तर चंद्राचीच मोजणी. सगळं किती सरळ. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एक तुकडा आजीकडून आला होता, एक मावशीकडून. दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती. ते दोन तुकडे माझ्या डोक्यात एकमेकांना येऊन बसले, आणि रोज ज्या पुलावरून लोकलने जाते ती खाडी मला पहिल्यांदा वाचता आली.

व्हिडिओ गेममध्ये मी गेली तीस वर्षं हाच क्षण शोधते आहे.

मी नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. सुरुवात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर झाली, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. गेमशी ओळख शाळेत असताना भावाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली. तिथे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. तळघरातून सुटायचं, राजकन्येपर्यंत पोचायचं आणि हातात साठ मिनिटं, घड्याळातली खरीखुरी साठ मिनिटं. भावाला तलवारबाजी आवडायची. मला मात्र मागे वळून रिकाम्या खोल्या पाहायच्या असायच्या. ही फरशी हलते, ती का हलत नाही? या भिंतीपलीकडे काय असेल? "वेळ चाललाय!" म्हणून भाऊ ओरडायचा. मला तेव्हापासून वाटत आलं आहे की गेममधली जागा ही लढाईसाठी मांडलेला नुसता पडदा नसते. तिच्यात पायाखाली काय आहे हे हळूहळू समजत जाणं हाच एक पुरता खेळ होऊ शकतो.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की या प्रकाराचा उगमच एका खऱ्या जागेत आहे. विल क्राउदर नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर. इंटरनेटचा पूर्वज म्हणतात त्या आर्पानेटवर तो काम करायचा आणि सुट्टीत केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या अजस्र गुहांमध्ये सरपटत फिरायचा. नुसता फिरायचा नाही, मोजायचा. त्याची पत्नी पॅट्रिशियाही तशीच. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधून काढलं, तिच्यात ती होती. पुढे त्यांचा घटस्फोट झाला, मुली दुरावल्यासारख्या झाल्या, आणि क्राउदरने १९७६ च्या सुमाराला त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. चित्र एकही नाही, फक्त शब्द. तू इथे उभी आहेस, उत्तरेला ही वाट आहे, जमिनीवर हा दिवा आहे. दोन शब्दांत आज्ञा टाइप करायची आणि पुढे जायचं. वर्षभरात डॉन वुड्स या दुसऱ्या प्रोग्रॅमरने त्यात भर घातली. तो 'कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'. ज्याला आज आपण अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणतो, ते नाव तिथूनच चालत आलं आहे.

मला या गोष्टीतली एक गोष्ट फार जवळची वाटते. त्या खेळातल्या वाटा मनाने रचलेल्या नव्हत्या. बुटके, जादू हे सगळं वरून आलं. खालचा नकाशा मात्र गुडघे सोलून घेत मोजलेला होता. जपानमध्ये शिगेरू मियामोतोने १९८६ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' केला, त्याच्या मुळाशीही लहानपणी क्योतोजवळच्या गावात रानोमाळ भटकणं आणि हातात कंदील घेऊन एका गुहेत शिरणं होतं, हे त्यानेच अनेकदा सांगितलं आहे. आधी पाय, मग कल्पना. नकाशे काढणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही. आमच्याकडेही जागेवर न जाता काढलेला प्लॅन पाहता क्षणी ओळखू येतो.

अलीकडचा एकच सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. 'आउटर वाइल्ड्स', २०१९. एक छोटी सूर्यमाला. दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा शेकोटीजवळ जागे होता. यात तुमची ताकद वाढत नाही, नवं हत्यार मिळत नाही, पैसे साठत नाहीत. यान जवळजवळ सुरुवातीपासूनच हातात असतं. वाढतं ते फक्त तुम्हाला काय काय माहीत आहे ते. तिथे दोन जोडग्रह आहेत. एकावरची रेती धारेने दुसऱ्यावर वाहत असते, त्यामुळे एका ग्रहावर गाडलेले मनोरे उघडे पडत जातात आणि त्याच वेळी दुसऱ्यावरच्या गुहा बुजत जातात. योग्य वेळी योग्य ठिकाणी असलात तर दार उघडं, नाहीतर पुढच्या फेरीला. हे खेळत असताना रात्रीचे अडीच वाजले होते, आणि माझ्या मनात एकच आलं की हे तर आमच्या खाडीत रोज दोनदा होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात खेळ लिहिते, ठाण्याचे.

पहिला अर्थातच खाडीचा, आणि तोच मला सगळ्यात प्रिय आहे.

काळ १८५३. एप्रिलच्या सोळा तारखेला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती गाडी इथे थांबली होती, कारण पुढे खाडी होती. कल्याणपर्यंत रूळ गेले ते १८५४ मध्ये, खाडीवर पूल बांधून झाल्यावर. या मधल्या वर्षभरात माझा खेळ घडतो. पाण्यातून दगडी खांब वर येत आहेत. खेळणारी आहे एका तांडेलाची नात. आजोबा गेले, होडी मागे राहिली, आणि होडीच्या आतल्या फळीवर चाकूने कोरलेल्या पंधरा खुणा. एका खुणेत एक रेघ, दुसरीत दोन. त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. खेळही सांगत नाही.

त्या पंधरा खुणा म्हणजे पंधरा जागा, आणि प्रत्येक जागा एकेका तिथीला उघडते.

हे मी मनाने जोडलेलं नाही, पाणीच तसं वागतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की वर्तमानपत्रात छापून येतं, ते हे. म्हणजे उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तळाचा असा दगड उघडा पडेल, जो बाकीच्या दिवशी कधीच दिसत नाही. आणि त्याच दिवशी सहा तासांनी पाणी इतकं चढेल की होडी बांधावरून अलगद आतल्या खाजणात जाईल. अष्टमीच्या आसपास उलट. त्याला भांग म्हणतात. पाणी फार चढतही नाही नि फार उतरतही नाही, ओढ मंद असते. अरुंद जागेतून, जिथे एरवी होडी टिकत नाही, तिथून पार व्हायचं ते भांगाच्या दिवसांत. एकही कुलूप नाही, एकही किल्ली नाही. रात्री आकाशात चंद्र केवढा आहे ते पाहायचं, पाऊणकी आठवायची आणि निघायचं.

पाऊणकी मी खेळात सरळ दिलेली नाही. एका पडक्या घरात एक मुलगी पाढे म्हणत असते, तेवढंच. दुसऱ्या टोकाला एक म्हातारी चवथीला तीन म्हणते. दोन्ही ऐकून ज्याच्या डोक्यात ते जुळेल, त्याची खाडी उघडेल. ज्याच्या नाही जुळणार त्याने किनाऱ्यावर बसून पाणी पाहावं, चार दिवसांत त्यालाही कळेल. मावशीच्या सासऱ्यालाही बहुधा तसंच कळलं असेल.

आणि जग केवढं? याचं उत्तर नकाशात सापडलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले. साष्टी हे बेट आहे, हे आपण भूगोलात घोकलं आणि विसरलो. रेल्वेने, रस्त्याने येता-जाता ते बेट आहे असं कुठे जाणवतच नाही. पण ठाण्याहून होडी सोडली तर उत्तरेला कोलशेत, नागला बंदर, घोडबंदर करत वसईला समुद्रात बाहेर पडता येतं, आणि दक्षिणेला ऐरोली, वाशीवरून मुंबई बंदरात. दोन्हीकडून पाणीच. गेमचं जग नेहमी एखाद्या चौकोनासारखं पसरलेलं असतं, आणि कडेला पोचलात की अदृश्य भिंतीला डोकं आपटतं. इथे निसर्गाने मला कडा नसलेलं जग दिलं आहे. ते अंगठीसारखं गोल आहे. जिथून निघालात तिथेच, पण दुसऱ्या बाजूने याल.

त्या अंगठीवर एक जागा मी मुद्दाम कायमची बंद ठेवली आहे. ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. आणि त्याचा तुरुंग झाला तो आजपर्यंत. राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये इथेच फाशी दिली, म्हणजे माझ्या खेळाच्या पाचच वर्षं आधी. तटाच्या आत मी खेळणाऱ्याला नेत नाही. होडी तटाखालून जाते, वल्ह्याचा आवाज भिंतीवरून परत येतो, आणि बरोबरचा म्हातारा नावाडी वल्हवायचा थांबतो. मग काही न बोलता पुन्हा वल्हं मारतो. शोधाच्या खेळात सगळंच उघडलं पाहिजे असं मला वाटत नाही. काही जागांच्या बाहेर थांबून राहणं हेसुद्धा ती जागा कळणंच असतं.

खाडीतलं बारीकसारीक मी इतकं लिहून ठेवलं आहे की वहीची तीस पानं त्यातच गेली. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, त्यांच्या उंचीवरून रोजचं पाणी कुठवर येतं ते कळतं. खांबाला चिकटलेल्या कालवांची रेघ तेच सांगते. मिठागराच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, उघडी की बंद यावरून आतल्या पाण्याची दिशा ओळखता येते. हिवाळ्यात खाडीत रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये त्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. पण खेळात मला त्यांचा उपयोग वेगळाच दिसतो. ते नेहमी उथळ पाण्यात उभे असतात. गुलाबी रेघ दिसली की समजायचं, होडी तिकडे न्यायची नाही, रुतेल. पडद्यावर लाल बाण दाखवण्यापेक्षा हे कितीतरी सुंदर आहे.

बाणावरून आठवलं. माझी एक चूक इथे सांगितली पाहिजे.

कोडिंग मला येत नाही, म्हणून पहिला नमुना कागदावर केला. खाडीचा नकाशा खाली, आणि त्यावर ठेवायला ट्रेसिंग पेपरचे आठ तुकडे, प्रत्येकावर निळ्या शाईने पाण्याची वेगळी पातळी. एक खेळी म्हणजे पाऊण तास. आठ खेळ्यांत पाणी चढतं, आठ खेळ्यांत उतरतं, म्हणजे बारा तास. होडी म्हणून चिंचोका. माझी भाची नववीत आहे, तिला घरी जेवणाच्या टेबलावर बसवलं. तिला सोपं जावं म्हणून मी पुढच्या जागेकडे जाणारे छोटे बाण काढून ठेवले होते. तिने अर्ध्या तासात खेळ संपवला. मी विचारलं, "मिठागराजवळ काय होतं?" ती म्हणाली, "आत्या, मिठागर कुठे होतं?"

तिचा काहीच दोष नव्हता. मी तिला बाण दिले, तिने बाण पाहिले. इतक्या हौसेने काढलेलं कांदळवन, बांध, उघाडी यांतलं तिला काहीच दिसलं नव्हतं. त्या रात्री मी सगळे बाण खोडून टाकले. आज मोबाइलवरच्या नकाशात निळा ठिपका पाहत आपण जसं चालतो, तसंच ते होतं. पोचतो, पण वाटेत काय होतं ते सांगता येत नाही.

बाण काढलेला नकाशा घेऊन मी एका गेम कंपनीत गेले होते. त्यांनी वेळ दिला, चहा दिला, वही उलटून पाहिली. मग विचारलं, शत्रू कोण आहे? मी म्हटलं, शत्रू नाही. मग खेळणारा हरणार कसा? मी म्हटलं, तो हरत नाही, चुकीच्या वेळी गेला तर चिखलात अडकतो आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच थांबतो. थांबणं कुणाला आवडत नाही, ते म्हणाले. पहिल्या मिनिटात काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर लोक गेम काढून टाकतात. त्यांच्या धंद्याचं गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला मान्य आहे. पण थांबणं कुणाला आवडत नाही हे मला मान्य नाही. चिखलात अडकलेली होडी, आजूबाजूला ओलसर शांतता, हळूहळू बिळांतून बाहेर येणाऱ्या निवट्या, खेकड्यांची टिकटिक, आणि मग फार दूरवर पाण्याची पहिली चकाकती जीभ चिखलाच्या घळीतून पुढे सरकताना दिसणं. ते सहा मिनिटं पाहायला लावणारा खेळ मी स्वतः पैसे देऊन विकत घेईन. तिथे बसल्या बसल्याच तर खेळणाऱ्याला कळणार आहे की पाणी आधी कुठून आत शिरतं.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, जगभरातल्या लोकांनी खेळला. तो मुख्यतः लढाईचा आहे, पण त्यातल्या वाड्यांच्या भिंती, चित्रं मी थांबून थांबून पाहिली आहेत. मराठी माणसांच्या शहरात बसून असं काम होतं याचा मला खरोखर अभिमान वाटतो. आता कुणीतरी चिखलाकडेही वळावं एवढंच माझं मागणं आहे.

वहीतला दुसरा खेळ तळ्यांचा. ठाणं हे तळ्यांचं शहर. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, मखमली, आंबे घोसाळे ही नावं इथल्या कुणालाही पाठ असतात. आज तीसेक तळी आहेत, पूर्वी याहून जास्त होती. बुजवलेल्या तळ्यांवर इमारती झाल्या. माझ्या कामात जुने सर्व्हे नकाशे हातात येतात, त्यांवर कधीकधी आजच्या पार्किंगच्या जागी निळा आकार दिसतो आणि पोटात कालवतं. या खेळात शहर आजचं आहे, ऋतू एकच, पावसाळा. खेळणारी व्यक्ती फक्त चालते. पण मोठा पाऊस झाला की पाणी आपल्या जुन्या जागी परत येतं. कुठे तुंबतं, कुठल्या गल्लीतून वाहत जातं, कुठल्या सोसायटीच्या तळघरात झिरपतं, ते वहीत टिपत जायचं. टिपणं पुरेशी झाली की हरवलेल्या तळ्याचा काठ उमटतो, त्यावरचा घाट उमटतो, धुणं धुणाऱ्या बायका उमटतात. मग पाऊस थांबतो आणि पुन्हा पेव्हर ब्लॉक. पाणी विसरत नाही, हे तर आपण दर जुलैत पाहतोच. त्याचं म्हणणं ऐकायचं, एवढाच हा खेळ आहे.

तिसरा येऊरचा, ठाण्याला लागून असलेल्या जंगलाचा, आणि तो अजून नीट जमलेला नाही. बिबट्या आहे, पण तो एकदाही दिसणार नाही. वानराचा खोकल्यासारखा इशारा, भेकराचं भुंकणं, अचानक गप्प झालेले किडे. ऐकून ओळखायचं की तो कुठे आहे, आणि त्याची वाट सोडून आपली वाट काढायची. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली लोकांना हे लहानपणापासून येतं. वाघोबाला ते देव मानतात, त्याच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ ठेवतात. त्याच्या हद्दीत राहायचं तर त्याच्याशी जमवून घ्यायला हवं, हे त्यांनी ठरवून टाकलेलं आहे. माझी अडचण अशी की ते आवाज मला स्वतःलाच अजून वेगळे ओळखता येत नाहीत. एका पाड्यावरच्या दादांबरोबर मी तीनदा पहाटे बसले आहे. ते म्हणतात, ताई, वर्षभर या. वर्षभर जाईन, मग लिहीन.

आता परत खाडीकडे येते.

बाण खोडल्यानंतर मी भाचीला पुन्हा बसवलं. यावेळी ती चिडली. कुठे जायचं तेच कळत नाही म्हणाली. चिंचोका चिखलात अडकला, तेव्हा तिने तो बोटाने ढकलून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत राहिले. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर ती ट्रेसिंगचे तुकडे एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरत होती. दुसऱ्या दिवसाचा डाव सुरू झाला तेव्हा ती एकदम म्हणाली, "आत्या, कालच्यापेक्षा एक खेळी उशीर आहे." तिसऱ्या दिवशी तिने आधीच सांगितलं, "आज दोन." मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर आवाज फुटला असता. मग तिने फळीवरच्या खुणा पाहिल्या, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि खुर्ची मागे सारून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय बघायला गेली.

"आज चतुर्थी आहे," ती तिथूनच ओरडली. "म्हणजे तीन वाजता! खरी खाडी. जाऊया?"

रिक्षाने आम्ही पावणेतीनला चेंदणीला पोचलो. ऊन होतं. पलीकडे कळव्याच्या बाजूला कांदळवनाची हिरवी भिंत, पुलावरून एक जलद लोकल धडधडत गेली. पाणी चिखलाच्या वर आलेलं होतं, पण बंदराच्या खालच्या पायऱ्या अजून कोरड्या होत्या. भाचीने खडूने पाण्याच्या कडेला रेघ मारली. तीन वाजले. रेघ बुडालेली होती आणि पाणी अजून चढतच होतं. सव्वातीन, अजून चढतंय. तिचा चेहरा उतरला.

"चुकलं आपलं?"

मलाही उत्तर माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी घड्याळ लावून इथे उभीच राहिले नव्हते. गणित जमलं याच आनंदात होते.

मावशी घमेलं धुवायला आली होती. तिने आमच्या खडूच्या रेघा पाहिल्या, काय चाललंय ते विचारलं, आणि भाचीला म्हणाली, "तीनला भरतं ते तिकडं, मुंबईच्या बंदरात. सासरा मचव्यावर होता ना, त्याचं ते. हितवर पानी चालत येतं पोरी. त्याला यल लागतो."

भाचीने माझ्या हातातून वही ओढून घेतली, खाडीच्या नकाशावर मुंबई बंदरापासून ठाण्यापर्यंत एक लांब रेघ काढली, आणि पायरीवर बसून घड्याळ समोर धरलं. पाणी तिच्या चपलेपासून दोन पायऱ्या खाली होतं आणि वर येत होतं.